दोन्ही अर्ज तुमचेच

गुरुजी,

दादा म्हणून सुरुवात करायची होती. पण तो शब्द लिहिला आणि दुसऱ्याच कुणाच्या बापाला लिहितोय असं वाटलं. पहिलीत मी तुमच्याच वर्गात होतो. शाळेत गुरुजी म्हणायचं आणि घरी दादा, असं तुम्ही पहिल्याच दिवशी बजावलं होतंत. एकदा भर वर्गात तोंडून दादा निघून गेलं, पोरं हसली, आणि तुम्ही दुसऱ्या कुणाच्या पोराला मारली असती तशीच मला छडी मारलीत. त्यानंतर घोटाळा नको म्हणून मी घरीही गुरुजीच म्हणायला लागलो. चुलीपुढं बसलेली आई म्हणाली होती, "बापाला गुरुजी म्हनूलालंय लेकरू. आता मला काय बाई म्हनायला लावता का त्याला?" आणि ती एकटीच हसली. तुम्ही हजेरीपट जुळवत होतात.

सध्या लातूरला पाणी रेल्वेनं येतंय. खोटं वाटेल तुम्हाला. टाक्यांची लांबलचक गाडी येऊन उभी राहते, वर्तमानपत्रवाले फोटो काढतात, आणि आमच्या गल्लीत नळ कधी येणार हे तरीही कुणाला ठाऊक नसतं. स्वयंपाकघरात बॅरल, घागरी, कॅन, लेकीनं जपून ठेवलेले आइस्क्रीमचे डबेसुद्धा भरून ठेवलेत. त्यांच्यामध्ये जेवढी जागा उरली तेवढ्यात पाट टाकून मी हे लिहितोय. ही जागा आईची. शेवटची काही वर्षं ती माझ्याकडं होती, आणि दिवसभर इथंच बसून काहीतरी निवडत असायची. गेल्या वर्षी ती गेली. येत्या रविवारी गावच्या विहारात तिचा पहिला स्मृतिदिन आहे, आणि तिचा जीवनपट मी लिहून वाचायचाय. एकच पान. ऑफिसात रोज यापेक्षा जास्त लिहितो. पण ते एक पान होत नाही. तुमच्याशी एकदा भांडल्याशिवाय ते होणार नाही असं दिसतंय, म्हणून हे.

गेल्या वर्षी पुण्यानुमोदनाच्या दिवशीही मीच वाचलं होतं. भन्तेजींची देसना झाली की गेलेल्या माणसाचं आयुष्य कुणीतरी उभं राहून वाचायचं, ही आपल्यातली रीत. घरातच लेखक असल्यावर दुसऱ्याला कोण सांगणार? मी लिहून नेलं होतं, ‘कालकथित मातोश्री या अत्यंत मनमिळाऊ, कष्टाळू व धार्मिक वृत्तीच्या होत्या. प्रतिकूल परिस्थितीशी समर्थपणे झुंज देत त्यांनी आपल्या अपत्यांवर उत्तम संस्कार केले.’ असं पानभर. एकही चूक नव्हती. तुम्ही असतात तर डोळे मिटून ऐकलं असतंत. पुरुषमंडळी माना हलवत होती. पुढं बसलेल्या बायांनी सुरुवातीची दोन-तीन वाक्यं नीट ऐकली. मग एकीनं शेजारणीच्या लुगड्याचा काठ हातात घेऊन कुठून आणलंस म्हणून हळूच विचारलं. दुसरी नातवाच्या नाकाकडं बघायला लागली. माझ्या आईसाठी कोसावरून चालत आलेल्या बाया होत्या त्या, आणि मी वाचत असताना त्यांना आई कुठं दिसेना.

मावशी तुम्हाला आठवतच असेल. आईची धाकटी बहीण, आपल्याच वस्तीत, शेजारच्याच घरात दिलेली, तुमच्यासमोर कधी मान वर न करणारी. जेवणाच्या पंगतीत ती माझ्याजवळ आली. "बरं वाचलास लेकरा," ती म्हणाली, "पर कुनाचं वाचलास?" ती टोमणा मारत नव्हती. तिला खरंच कळलं नव्हतं. मी म्हणालो, "आईचं." ती म्हणाली, "असंल," आणि वरण वाढायला गेली.

ही भाषा तुमची आहे, गुरुजी. शाळा सुटली की ओसरीवर बसवून दिवसभरातलं काहीतरी पाटीवर लिहायला लावायचात. लिहून झालं की पाटी हातभर लांब धरायची आणि समोरच्या भिंतीला ऐकू जाईल असं वाचायचं. वाचताना जो शब्द आईच्या तोंडी शोभला असता, तो तुम्ही पुसायचात. चिंधी ओली करून, हळूच, तेवढाच शब्द, शेजारच्या अक्षराला धक्का न लावता. पाण्याची टंचाई असली की कोरड्या तळहातानं पुसायचात, आणि मग रात्री जेवताना तुमच्या हातावर पांढरट डाग दिसायचा. का पुसायचं ते एकदाच सांगितलंत. "लिहिणारा कोणत्या गल्लीतला आहे, हे वाचणाऱ्याला कळता कामा नये. कळलं की तो पुढचं वाचत नाही, तुझ्या पायांकडे बघतो." मला ते वाक्य तेव्हा फार आवडलं होतं. मी ते मित्रांना ऐकवायचो. वाक्य खोटं नाही, हे पुढं नोकरीत मी स्वतः पाहिलं. खोटं असतं तर तुमच्यावर एवढा राग आला नसता.

जिल्हा नवा झाला तेव्हा मी हायस्कूलला होतो, तेही तुमच्या शाळेच्या आवारातच भरायचं. शाळेच्या फलकावरचं ‘जि. उस्मानाबाद’ तुम्ही सुरीनं खरवडलंत आणि स्वतः ‘जि. लातूर’ रंगवलंत. जुनं नाव पुरतं गेलं नव्हतं, तिरप्या उन्हात ते खालून दिसायचं. तुम्ही मात्र खूश होतात. विहाराच्या ओट्यावर बसून वस्तीतल्या सगळ्यांना सांगायचात की आता साहेब जवळ आला, आता आपला कागद दोन दिवसांत त्याच्या टेबलावर. त्याच वर्षी पावसानं दगा दिला. थंडी सरायच्या आतच आपल्या वस्तीची विहीर तळाला गेली. वरच्या गावाच्या विहिरीत अजून थोडं होतं, पण ते आपल्याला किती आणि कसं मिळायचं हे तुम्हाला सांगायला नको. टँकर हवा तर लातूरला अर्ज करायला पाहिजे, असं ठरलं, आणि तुम्ही तो मला लिहायला सांगितलात. सगळ्या वस्तीचा अर्ज माझ्या हातचा जाणार म्हणून मी दोन भाकरी कमी खाल्ल्या असतील त्या दिवशी.

मी काय लिहिलं होतं ते मला अजून पाठ आहे. ‘साहेब, आमच्या एका गावात दोन गावं आहेत, एक वरचं आणि एक आमचं. टँकर आला तर तो वर चावडीपुढं थांबेल. तिथं आमच्या बायांना लांब उभं करतात, सगळ्यांचं झाल्यावर उरलं तर वरून ओततात, नाही उरलं तर परत पाठवतात. म्हणून आमचा टँकर आमच्या वस्तीत पाठवा.’ तुम्ही वाचलंत आणि चष्मा काढून ठेवलात. "हे रडगाणं झालं," म्हणालात. "अर्जात रडायचं नसतं." मी म्हणालो, पण खरं आहे की. "खरं असेल. पण पहिलं वाक्य वाचूनच साहेब पायांकडे बघेल." मग कागद उलटा करून तुम्ही सांगायला लागलात आणि मी लिहायला लागलो. ‘उपरोक्त गावातील समस्त ग्रामस्थ आपणांस सविनय विनंती करतात की, चालू वर्षी पर्जन्यमान अत्यल्प झाल्यामुळे सर्व जलस्रोत आटले असून जनजीवन विस्कळीत झाले आहे.’ असं पुढं. चावडी गेली. बाया गेल्या. वरून ओतणं गेलं. वस्ती हा शब्दसुद्धा गेला, कारण तुमच्या मते ग्रामस्थ म्हटलं की त्यात सगळे आले. ओळ अन् ओळ सरळ, समास सोडलेला, खाली सह्या आणि अंगठे.

दुसऱ्या दिवशी वरच्या गावातले सरपंच शाळेत आले. "गुरुजी, तुमच्यावानी कागूद आख्ख्या तालुक्यात कुनाला लिवता येत न्हाई म्हन्तेत. आमचीबी एक दरखास्त होऊन जाऊ द्या की." ते तुमच्या टेबलापुढं खुर्ची ओढून बसले. आपल्यातल्या माणसासमोर त्यांनी असं बसावं याची तुम्ही किती वर्षं वाट बघत होतात, ते मला तुमच्या आवाजावरून कळलं. तो किंचित बारीक झाला होता. तुम्ही मला वर्गातून बोलावून घेतलंत आणि तोच मजकूर परत सांगितलात, चार शब्द इकडचे तिकडं करून. तीच दौत, तेच माझं अक्षर, जे तुम्ही गिरवून घेतल्यामुळं मुळात तुमचंच होतं. संध्याकाळी आई भाकऱ्या थापत होती. सरपंच आले होते हे तुम्ही तिला आडून आडून सांगितलंत. ती थापता थापता थांबली.

"दोन्हीबी तुम्हीच लिव्हलाव?"

"हो."

"दोन्हीबी तुमचेच. मंग आमचा कंचा?"

"तुला त्यातलं काय कळतं," असं तुम्ही म्हणालात आणि हात धुवायला उठलात. हात धुवायला पाणी नव्हतं, हे उठल्यावर तुमच्या लक्षात आलं.

टँकर आला तो चावडीपुढंच थांबला. आपला काही आला नाही. तेव्हा तुम्ही रजा टाकून मला बरोबर घेतलंत आणि आपण दोघं यष्टीनं लातूरला गेलो. नव्या जिल्ह्याच्या ऑफिसला अजून ऑइलपेंटचा वास होता. कपाटं व्हरांड्यात उभी होती आणि त्यांच्यामधून वाट काढत माणसं कारकून शोधत होती. आपल्याला जो सापडला तो तसा भला होता. त्यानं गठ्ठा सोडून दोन कागद काढले आणि टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. "गुरुजी, तुम्हीच बघा. एकच गाव, एकच मजकूर, एकच अक्षर. ह्यावर टँकर मंजूर झाला. हा दुसरा त्याचाच जोडअर्ज समजून दफ्तरी लावला. ह्याच्यात वेगळं काय मागितलंय तुम्ही?" तुम्ही कागदाकडं बघत राहिलात. मी तुमच्याकडं बघत होतो. आता तुम्ही सांगाल, असं मला वाटलं. चावडी, बाया, सगळं तोंडानं सांगाल. टेबलाच्या पलीकडं एक माणूस बसला होता, ऐकायला तयार होता. तुम्ही म्हणालात, "हा अर्ज गावाच्या दुसऱ्या भागाचा आहे." "कुठल्या भागाचा?" त्यानं विचारलं. तुम्ही म्हणालात, "दक्षिणेकडच्या." त्यानं मान हलवली, कागद परत गठ्ठ्यात बांधले, नवा अर्ज द्या म्हणाला. मग बांधता बांधता सहज बोलला, "भाषा मात्र एक नंबर हं गुरुजी. असा कागद आमच्याकडं येत नाही." आणि तुम्ही हसलात, गुरुजी. टोपी सारखी केलीत आणि हसलात.

परत येताना चाकूरच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा तुम्ही मला म्हणालात, "पाहिलंस? भाषा आवडली त्यांना." नवा अर्ज तुम्ही दिलात, पण तोही तुमच्याच पद्धतीचा, फक्त ‘दक्षिण भाग’ एवढं वाढवून. तो कुठं गेला कुणाला ठाऊक. त्या उन्हाळ्यात आपल्या बाया ओढ्यात गेल्या. वाळूत हात हात खोल खड्डे करून त्याच्या काठाशी बसायच्या, तळाला ओल जमायची, ती जमून खड्ड्याचा डोळा भरला की वाटीनं उपसून घागरीत टाकायची, आणि परत वाट बघायची. मी शाळा सुटली की आईच्या मदतीला जायचो. तिचा हात कोपरापर्यंत ओल्या वाळूनं माखलेला असायचा आणि बांगड्या तिनं दंडाकडं सरकवलेल्या असायच्या. खड्डा ढासळू नये म्हणून ती त्याच्याशी बोलायची, "थांब बाबा, थांब जरा, काय घाई हाय तुला." लातूरला काय झालं ते मी तिथंच तिला सांगितलं. भाषा एक नंबर म्हणाला, हेही सांगितलं. आई म्हणाली, "मंग भरून आनायची की घागरभर ती भाषा." साऱ्या बाया हसल्या. एवढ्या हसल्या की एकीचा खड्डा ढासळला आणि तिला नवा उकरावा लागला.

त्यानंतर मी तुमच्या भाषेपासून पळायला बघितलं. फार लांब जाता आलं नाही. नांदेडला कॉलेजात असताना आपली पोरं एक अंक काढायची, त्यात द्यायला ओढ्याचं लिहून नेलं. संपादक माझ्याच वर्गातला. वाचून म्हणाला, "भाऊ, ह्यात आग कुठाय? हे तर तहसीलदाराचं पत्र वाटूलालंय." मग मी आग घातली. ‘धगधगतं’ हा शब्द एका पानात किती वेळा आला असेल सांगता येत नाही. अंक आईला दाखवला तेव्हा तिनं माझं नाव कुठं छापलंय ते विचारलं आणि त्यावरून बोट फिरवलं. पुढं नोकरी लागली ती तुमच्याच भाषेवर. परीक्षेत निबंध होता, मी समोरच्या भिंतीला मनातल्या मनात वाचून दाखवत लिहिला. आज ऑफिसात कुणाचंही उत्तर अडलं की माझ्याकडं येतं. ‘आपली विनंती मान्य करता येत नाही’ हे मी माणसाला राग येणार नाही अशा बेतानं लिहू शकतो. हे तुमचं देणं आहे, मी नाकारत नाही. पगार त्याचाच मिळतो.

पुस्तकाचं तुम्हाला माहीत नाही. तुम्ही गेल्यावर बऱ्याच वर्षांनी आलं, एवढंसं, गावाकडच्या आठवणींचं. पुण्याच्या प्रकाशकानं हस्तलिखित परत पाठवलं होतं, समासात पेन्सिलीनं लिहून. इथं बोली हवी. आईच्या तोंडी शिवी चालेल. भूक आणखी दिसू द्या. तुम्ही जे शब्द पुसायचात तेच शब्द हा माणूस दामदुपटीनं मागत होता, आणि त्याचीही भाषा अत्यंत सभ्य होती. मी घातले. छापायची हौस होती. लेकीनं पुस्तक आजीला वाचून दाखवलं, इथं, ह्याच पाटावर बसून. आई ऐकत राहिली. मग म्हणाली, "म्या असं कवा म्हनले? शिव्या तर म्या देतच न्हवते. त्या तुझी मावशी देती." परत कधी तिनं पुस्तकाचा विषय काढला नाही. तुम्ही तिला माझ्या लिहिण्यातून पुसून टाकलंत आणि मी परत आणली ती दुसरीच कुणीतरी बाई. तुमचाही जीवनपट तुम्ही गेलात तेव्हा मीच वाचला होता, गुरुजी. तो सगळ्यांना आवडला. कर्तव्यदक्ष, शिस्तप्रिय, ज्ञानदानास वाहून घेतलेले. कुणाचं वाचलास असं कुणी विचारलं नाही. तुम्ही खरंच तसेच होतात, किंवा निदान दुसरं काही आम्हाला दिसू दिलं नाहीत.

मी रोज संध्याकाळी वंदना घेतो. त्रिसरण, पंचशील, मग जरा वेळ गप्प. ती भाषा तर आपल्या कुठल्याच गल्लीतली नाही, न तुमची न आईची. पण ती म्हणताना मला कधी परकं वाटत नाही. आई उच्चार हवे तसे करायची आणि तरी तिचे डोळे भरायचे. तिथं मात्र तुम्ही तिला कधी अडवलं नाहीत. ते एक तुम्ही तिच्याकडं राहू दिलंत. बाकीचं का नाही, हे विचारायला मला पन्नाशी गाठावी लागली, आणि आता समोर तुमचा फोटो आहे, टोपी घातलेला, ओठ मिटलेला.

इथवर लिहून ठेवून दिलं होतं. रविवारचं पान तसंच कोरं. आज दुपारी मावशी आली. गावाहून यष्टीनं, मांडीवर पाण्याचा कॅन धरून. वस्तीत आता बोअर आहे, त्याला अजून पाणी आहे, आणि भाच्याचे हाल होत असतील म्हणून ती जिल्ह्याच्या गावाला पाणी घेऊन आली. कॅन बॅरलशेजारी ठेवून ती आईच्या पाटावर बसली आणि माझ्या हातातले कागद बघून म्हणाली, "काय लिवूलालास?"

"आईचं."

"वाच की मंग."

आईचं असं त्यात काय होतं? मी पानं चाळली आणि ओढ्याचं तेवढं वाचायला लागलो. गेल्या वर्षीसारखी ती गप्प ऐकेल असं धरून चाललो होतो. दुसऱ्याच ओळीला तिनं हात वर केला.

"वाटीनं न्हाई. करवंटी व्हती. वाट्या कुटल्या आल्यात तवा?"

मी वाटी खोडून करवंटी केलं. पुढं वाचलं.

"बांगड्या दंडाला सरकवायची म्हनतूस. हाव, सरकवायची. पर डाव्या हाताच्या. उजव्यातल्या कवाच फुटल्या व्हत्या."

हेही लिहिलं. मग घागरभर भाषेचं आलं आणि मावशी पाटावरून निम्मी उठली. "थांब, थांब. ते आक्का म्हनली न्हाई, ते म्या म्हनले! आक्का नुसती हासली. आरं, तिच्या नवऱ्याला ती कशाला बोलंल चारचौघीत? हासली मातर लई. तोंडात पदर कोंबून हासली. माझं बोलनं आक्काच्या नावावर नगं खपवूस." आणि तिनं तुम्हाला एक शिवी दिली, गुरुजी, लहानशीच, प्रेमाची म्हणता येईल अशी. मी म्हणालो, मावशे, तू ते मुद्दाम आपल्याकडं घेतीस. ती म्हणाली, जा वस्तीत आन् विचार कुनालाबी. आम्ही दोघं त्या एका वाक्यावरून भांडलो. चहा गार झाला. गेल्या वर्षी माझ्या पानभर मजकुरात भांडायला जागाच नव्हती, हे भांडता भांडता माझ्या लक्षात आलं. रविवारचं पान तिथंच झालं. ते वाचताना बाया मध्येच उठून मला खोटं पाडतील, आणि मी त्यांना पाडू देणार आहे.

जायला निघताना मी तिला विचारलं, "मावशे, गुरुजी कधी आपल्यावानी बोलायचे का गं?" तिनं आधी दाराकडं बघितलं, तुम्ही येताय की काय अशा नजरेनं. मग परत बसली. म्हणाली, लई बोलायचा की. तुम्ही आईला बघायला तिच्या माहेरी लोह्याकडं गेला होतात, तेव्हा वीस वर्षांचेही नसाल. दुष्काळी साल, घरात साखर नव्हती, म्हणून आजोबांनी पाहुण्यांना गुळाचा चहा केला, आणि मानाचा म्हणून गूळ जास्त टाकला. सगळे गुमान प्याले. तुम्ही एक घोट घेतलात आणि बशी खाली ठेवलीत. मावशीनं आवाज जाड केला, मान वाकडी केली आणि तुमच्या तोंडचं बोलून दाखवलं. "आवं मामा, च्यात गूळ टाकलाव का गुळात च्या?" आतल्या खोलीत आई एवढी हसली की तिला ठसका लागला. आणि ठसक्यातच धाकट्या बहिणीला म्हणाली, "ह्योच करा म्हनावं. हासवीत तरी ऱ्हाईल."

"मंग त्यो नांदेडला ट्रेनिंगला गेला," मावशी म्हणाली. "तितं काय म्हनला काय की, समदी पोरं हासली म्हनं त्याला. परत आला तवा दुसराच मानूस. आक्का वाट बघत ऱ्हायली, आज बोलंल, उद्या बोलंल."

म्हणजे तुम्ही पहिला शब्द पुसलात तो माझ्या पाटीवरचा नव्हता. पण म्हणून माफ झालं असं समजू नका. पुसणाऱ्याला पुसताना काय दुखतं ते ठाऊक होतं, आणि तरी तुम्ही माझा हात धरून पुसायला शिकवलंत. आई त्या एका वाक्यावर तुमच्या घरी आली आणि मग सगळा जन्म त्याची वाट बघत राहिली. ह्याचा हिशेब मला लावता येत नाही आणि लावायचाही नाही. हे पत्र रविवारी वाचणार नाही, विहारात नेणार नाही, कुणाला दाखवणार नाही. तुमच्या फोटोमागं ठेवावं असं वाटलं होतं, तेही करणार नाही.

फक्त एवढं लिहून ठेवतो. मावशीनं तुमची नक्कल केली तेव्हा मी हसलो. मी हसलो म्हणून ती घाबरली, तुमच्या फोटोकडं बघून तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला. तुमचा तो आवाज मी जन्मात पहिल्यांदा ऐकत होतो. मी तिला म्हणालो, मावशे, परत एकदा म्हण.